कोणता कन्सोल घ्यावा याविषयी, चि. ऋतास

सांगली,
१७ फेब्रुवारी २०२६

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्या माँट्रियलच्या नोकरीवरून वाद होऊन तू ताटावरून उठून गेलीस, त्यानंतर आपले बोलणे झालेले नाही. काल रात्री तुझा एका ओळीचा मेसेज आला, ‘बाबा, तिकडे गेल्यावर स्विच २ घेऊ की पीएस ५ प्रो?’ हा समेटाचा निरोप आहे, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. म्हणून या पत्रात खेळायचे यंत्र निन्टेन्डोचे घ्यावे की सोनीचे, तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आणि नोकरी, स्टुडिओ, वर्क परमिट यांतले काहीही काढायचे नाही, असे ठरवून बसलो आहे. फोनवर माझा आवाज चढतो आणि आवाज चढला की तुझी आई फोन काढून घेते; कागदावर निदान वाक्य पुरे करता येते.

आधी प्रोविषयी. २०२४च्या नोव्हेंबरात तो अमेरिकेत ७०० डॉलरला आला आणि एवढे पैसे मोजूनही डिस्क ड्राइव्ह वेगळी घ्यावी लागते. वाय-फाय ७ साठी लागणारा ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता, म्हणून भारतात तो त्या वेळी विक्रीला आलाच नाही, आणि न मिळणाऱ्या वस्तूचे आकर्षण वाढते, हे मी समजू शकतो. तुझ्या साध्या पीएस ५वर मी दिवाळीपासून ‘घोस्ट ऑफ योतेई’ खेळतो आहे. वाऱ्याने लवणारे गवत मला या वयात, या चष्म्यातून पुरेसे स्पष्ट दिसते. प्रोवर चित्र अधिक रेखीव दिसते आणि हालचाल अधिक सफाईदार होते, हे खरे; परंतु प्रोवर चालणारा प्रत्येक खेळ साध्या पीएस ५वरही चालतो, त्यामुळे तेवढे पैसे खर्चून एकही नवा खेळ पदरात पडत नाही. कन्सोल घ्यायचा तो खेळांसाठी, हे माझे जुने मत अजून बदललेले नाही.

एक्सक्लुझिव्हची, म्हणजे एकाच कंपनीच्या यंत्रावर मिळणाऱ्या खेळांची, मातब्बरी तर आता संपत आली आहे. तू आणि केदार अकरावीत असताना मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स की सोनीचे प्लेस्टेशन यावरून आठ-आठ दिवस अबोला धरत होता. आता ‘फोर्झा होरायझन ५’ गेल्या एप्रिलमध्ये पीएस ५वर आला, ऑगस्टमध्ये ‘गिअर्स ऑफ वॉर’ आला, त्याच महिन्यात सोनीने स्वतःचा ‘हेलडायव्हर्स २’ एक्सबॉक्सला दिला, आणि ज्या ‘हेलो’मुळे एक्सबॉक्सचे नाव झाले तोसुद्धा यंदा प्लेस्टेशनवर यायचा आहे. मोठा खेळ करण्याचा खर्च इतका वाढला आहे की एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून तो वसूल होत नाही, हे यामागचे साधे गणित आहे. जुने भक्त यावर छाती बडवून घेतात. मला मात्र त्यात वाईट काही दिसत नाही. ज्याच्या घरी एकच कन्सोल आहे, त्याला उलट चार खेळ जास्त मिळतात.

पण ‘हाय-फाय रश’ आठवतो ना? जानेवारी २०२३ मध्ये कसलाही गाजावाजा न होता एक्सबॉक्सवर आणि संगणकावर आला, तेव्हा तू पुण्याहून रात्री साडेअकराला फोन करून मला जागे केले होतेस. नायकाची पावले, शत्रूचे वार, इतकेच काय, मागची झाडेसुद्धा गाण्याच्या ठेक्यावर हलतात, आणि हे करणे किती अवघड असते, ते तू मला अर्धा तास समजावून सांगितलेस. मला निम्मे कळले, परंतु तुझ्या आवाजातला आनंद पूर्ण कळला. त्या खेळाला एप्रिल २०२४ मध्ये अॅनिमेशनचा बाफ्टा हा मानाचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. तोवर तो प्लेस्टेशनवरही आला होता. आणि पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो करणारा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले. पुढे क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने तो स्टुडिओ आपल्याकडे घेऊन वाचवला, हे मला ठाऊक आहे. तू रविवारी तेच उदाहरण दिलेस. मी म्हणतो, मधल्या महिन्यांत त्या अॅनिमेटरांनी घरभाडे कशातून भरले असेल? ज्या कामासाठी तू चालली आहेस, त्या कामाचा सर्वोच्च सन्मान हातात असताना ही पाळी येते. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय कोणताही कन्सोल घेऊ नये, परमिट एकाच मालकाच्या नावाचे असेल तर नोकरी गेल्यावर दुसरीकडे लगेच रुजू होता येत नाही हे लक्षात ठेवावे, आणि पीएफचे पैसे काढून तिकिटात घालू नयेत.

उपदेश झाला. दुसऱ्याच परिच्छेदानंतर घसरलो, क्षमा कर. प्रश्न कन्सोलचा होता.

माझा कौल स्विच २ला आहे. आपल्याकडे निन्टेन्डोचे यंत्र घ्यायचे म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ओळख काढावी लागते आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाएवढीच असते. तिकडे ते राजरोस मिळेल. मारिओ आणि डाँकी काँग अजूनही दुसऱ्या कोणाच्या दारात जात नाहीत, त्यामुळे यंत्र घेतल्याचे सार्थक होते. ‘डाँकी काँग बनान्झा’मध्ये डोंगर मुठीने फोडत जायचे असते, ते तुला फार आवडेल, ‘मेट्रॉइड प्राइम ४’ २०१७ मध्ये जाहीर झाला, २०१९ मध्ये झालेले काम बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, आणि गेल्या डिसेंबरात एकदाचा आला. दोष नाहीत असे नाही. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ला अमेरिकेत ८० डॉलर मागतात, ही मला लूट वाटते, आणि काही खेळांच्या कार्डात खेळच नसतो, नुसती किल्ली असते आणि खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो, म्हणजे मिठाईचा खोका उघडावा आणि आत हलवायाच्या दुकानाचा पत्ता निघावा, तसले. ती कार्डे घेऊ नकोस, वेष्टणावर स्पष्ट लिहिलेले असते.

निन्टेन्डोकडे माझा कल असण्याचे आणखी एक कारण आहे, ते खेळांचे नाही. त्यांचा वी यू हा कन्सोल बाजारात पडला तेव्हा, २०१४ मध्ये, त्यांचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला; माणसे काढली तर उरलेल्यांच्या मनात धास्ती बसते आणि धास्तावलेल्या माणसांच्या हातून चांगले खेळ होत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. ते पुढच्याच वर्षी गेले. तू जिथे रुजू होणार आहेस, तिथला वरचा माणूस कसा आहे, याची काही चौकशी केलीस का? पुन्हा तिथेच आलो पाहा.

माँट्रियल हे नाव ऐकल्यावर माझा चेहरा का उतरला, ते तरी सांगतो. २००३च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचे पुण्या-मुंबईचे स्टुडिओ करत असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा मी कट्ट्यावर पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवर जगभरातून टीका झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती, पण ज्या भाषेत झाली ती मला लागली. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेले, आणि गेल्या महिन्यात खेळच रद्द झाला. म्हणजे आपल्या मुलांकडून काढून घेऊन जिथे नेले, तिथल्या मुरलेल्या लोकांच्याही हाती शेवटी काही उरले नाही. तुझा स्टुडिओ वेगळा आहे, त्याचे पैसे वेगळे आहेत, हे सारे तू मला बजावलेस आणि मी ऐकलेही. परंतु १९८२च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आण्णांनाही वाटले होते की पंधरा-वीस दिवसांत गिरणीचा भोंगा पुन्हा वाजेल. गिरणी आणि गेम स्टुडिओ यांची तुलना होत नाही असे तू म्हणालीस. नसेल होत.

तू दहा वर्षांची असताना मी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणला होता, भारतात तयार झालेला प्लेस्टेशन २चा पहिला खेळ म्हणून मोठ्या कौतुकाने. तू जरा वेळ खेळलीस, कंट्रोलर खाली ठेवलास आणि म्हणालीस, ‘बाबा, याचे पाय जमिनीला लागतच नाहीत.’ मग अंगणात जाऊन माकडासारखी चालून दाखवलेस, गुडघे वाकवून, हात लोंबते सोडून, आधी टाच मग बोटे. आजीने तुला वेडी ठरवले. मी कॅसेटवाल्या गेमपासून खेळत आलेला माणूस, पण पाय जमिनीला लागतात की नाही, हे मी कधी पाहिलेच नव्हते. गेल्या वर्षी त्या परदेशी खेळाच्या शेवटच्या नामावलीत तुमच्या पुण्याच्या टीमची नावे आली. नामावली थांबवता येत नव्हती आणि तुझे नाव भर्रकन वर गेले, म्हणून शेवटची लढाई पुन्हा जिंकून, मोबाइल तयार ठेवून मी तो फोटो काढला. थोडा हलला आहे. तुला हे सांगणार नव्हतो.

पुढच्या खेळांचे म्हणशील, तर ‘जीटीए ६’ची तारीख १९ नोव्हेंबर ठरली आहे. आधी २०२५ सांगितले, मग मे २०२६ सांगितले, तेव्हा यावरही मी पैज लावणार नाही. पाचवा आला तेव्हा तू नववीत होतीस आणि तो मी तुझ्यापासून कपाटात लपवून ठेवला होता. या वेळी दोघांनी एकदमच सुरू करू, तुझी सकाळ आणि माझी संध्याकाळ. स्विचवर तो यायचा असल्याचे जाहीर झालेले नाही, म्हणून स्विच २ आत्ता घे आणि पीएस ५ लागलाच तर नोव्हेंबरात तिकडे साधा घे. तुझा इथला मी देणार नाही. तोवर तुझी तिथली नोकरी मुरलेली असेल.

आईने मेतकूट आणि गोडा मसाला वेगवेगळ्या पिशव्यांत भरला आहे, वजन करून ठेवले आहे. शनिवारी नंदूमामा गाडी घेऊन येतील. तुझ्या प्लेस्टेशनच्या खात्याचा पासवर्ड लिहून पाठव, माझ्याकडून तो तीनदा चुकला की कुलूप पडते. आणि रागावणार नसशील, तर करारातले ते नोटीस पिरियडचे पान तेवढे फोटो काढून पाठव. मी कोणाला दाखवणार नाही.

तुझा,
बाबा