बाबा, इथल्या रेडिओवर तीच तीच गाणी का लागतात

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी परत तेच विचारलं, तुमच्या शिकागोत गाडीतल्या त्या रॉक स्टेशनवर रोज तीच तीच गाणी का लागतात, माणसाकडे दुसऱ्या कॅसेट नाहीत का. मी तेव्हा हसण्यावारी नेलं कारण गाडी चालवत होतो, पण उत्तर जरा लांबलचक आहे म्हणून लिहूनच पाठवतोय. आईला कंटाळा आला तर तिने सरळ शेवटचा पॅरा वाचावा.

पहिलं म्हणजे मोठ्या स्टेशनवर जो बोलतो तो गाणी निवडतच नाही. प्रोग्राम डायरेक्टर यादी ठरवतो, कॉम्प्युटर तिचा क्रम लावतो, एकाच बँडची दोन गाणी जवळजवळ येऊ नयेत, तीन संथ गाणी लागोपाठ पडू नयेत वगैरे बघून. आणि जुनं रॉक वाजवणाऱ्या स्टेशनची यादी किती, तर काहीशे गाणी, बास. ती कशी ठरते ते ऐका. माझ्या ऑफिसातला एक जण, पक्का शिकागोचा, एकदा अशा टेस्टला जाऊन आलाय. हॉटेलच्या हॉलमध्ये लोकांना बसवतात, थोडे पैसे देतात आणि शेकडो गाण्यांचे तुकडे ऐकवतात, एकेक तुकडा सात-आठ सेकंदांचा, फक्त ओळखीची ती ओळ, की लगेच मार्क द्यायचे, आवडलं, नाही आवडलं, माहीतच नाही, ऐकून ऐकून वीट आला. तो म्हणाला तासाभराने कानात नुसता भुगा झाला होता आणि मी सगळ्याला मधले मार्क ठोकत सुटलो. म्हणजे आमटीचा एक थेंब जिभेवर ठेवून अख्खी पंगत ठरवायची! यात जे गाणं दोन मिनिटांनी रंगात येतं ते कायमचं बाद.

वरून किती लोक ऐकतात ते मोजायचं यंत्र. पूर्वी निवडक लोक डायरीत लिहायचे काय ऐकलं ते, साधारण 2007-08 पासून मोठ्या शहरांत त्यांना पेजरसारखी डबी कमरेला लावायला देऊ लागले, स्टेशनच्या आवाजात एक कानाला न कळणारा कोड असतो तो ती पकडते. पंधरा मिनिटांत पाच मिनिटं, 2025 पासून तर तीनच, ऐकलंत की तुमचं पाव तासाचं माप त्या स्टेशनच्या पदरात, त्यावर जाहिरातीचे दर. मग अनोळखी गाणं लागलं आणि चार जणांनी बटण दाबलं की ते लगेच दिसतं, त्यामुळे नवीन गाण्याची रिस्क कोण घेणार.

आता फॉरमॅट बदलण्याची गंमत, म्हणजे आख्खं स्टेशनच एका रात्रीत दुसरं होतं. इथे 1978 च्या शेवटी डब्ल्यूडीएआय नावाच्या रॉक स्टेशनने डिस्को वाजवायचं ठरवलं आणि स्टीव्ह डाल या निवेदकाला काढलं. तो गेला 97.9 वर, त्याला लूप म्हणायचे, आणि तिथून त्याने डिस्कोच्या नावाने शिमगा सुरू केला. 12 जुलै 1979 ला कॉमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन मॅच होत्या, डिस्कोची तबकडी आणा आणि 98 सेंटमध्ये आत या, स्टेशनच्या नंबरावरून तो भाव. मधल्या वेळात तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला, हजारो लोक मैदानात घुसले, दुसरी मॅच झालीच नाही. लोक अजून मिटक्या मारत सांगतात, मला मात्र त्यात नुसती मजा दिसत नाही. डिस्को हे काळ्या, लॅटिनो आणि गे लोकांचं संगीत होतं आणि तो राग फक्त गाण्यावर नव्हता असं बरेच जण म्हणतात, मलाही ते पटतं. आणि डब्ल्यूडीएआयने 1980 मध्ये डिस्को सोडलंच! त्या माणसाची नोकरी मात्र उगाच गेली.

त्या लूपचं पुढे काय झालं, तर 2018 च्या मार्चमध्ये ते विकलं. ऐकणारे संपले म्हणून नव्हे हां. 1996 च्या दूरसंचार कायद्याआधी एका कंपनीला देशभरात 40 स्टेशनच ठेवता यायची, ती अट उडाली आणि सगळ्यांनी कर्ज काढून घाऊक खरेदी केली, एकट्या क्लिअर चॅनलकडे हजाराच्या वर झाली. लूपची मालक क्युम्युलस, तिने 2017 च्या नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला, मग काय, लूप 2 कोटी 15 लाख डॉलरला ख्रिस्ती भक्तिगीतं वाजवणाऱ्या संस्थेला. शेवटच्या रात्री लूपवाल्यांनी जाता जाता एसी/डीसी बँडचं 'हायवे टू हेल', म्हणजे नरकाचा रस्ता, लावलं आणि त्यानंतर भक्तिगीतं सुरू. टोमणा मारावा तर असा.

सगळीच मरतात असं नाही, क्यू 101 नावाचं रॉक स्टेशन 2011 मध्ये बंद करून बातम्या लावल्या, त्या चालल्या नाहीत, 2014 ला परत रॉक. 93.1 वाले तर 1972 पासून टिकून आहेत.

बाबा, तुम्ही म्हणाल आपली आकाशवाणी बरी. पण नभोवाणी खात्याचे केसकर मंत्री आठवतात ना, तुमचे बाबा ज्यांना शिव्या घालायचे? 1952 मध्ये सिनेमाची गाणी हलकी म्हणून आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार, आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे! शेवटी 1957 ला विविध भारती काढावी लागली. तिकडे मंत्र्याने ठरवलं, इकडे कमरेच्या डबीने, ऐकणाऱ्याला तेव्हाही कोणी विचारलं नाही आणि आता विचारतात ते सात सेकंदांपुरतं.

मी हल्ली 89.3 लावतो, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पोरं चालवतात. बोलताना अडखळतात, मध्येच दहा सेकंद नुसती शांतता, गाणं कधी अगदी भयंकर असतं, पण दुसरं काय लागेल याचा पत्ता नसतो. तुमच्या नातवाला ते बिलकुल आवडत नाही, तो फोनवरच ऐकतो.

आई, मेतकूट संपत आलंय, शेजारच्या जोशीकाकू डिसेंबरात येतायत त्यांच्याकडे पाव किलो दे, जास्त नको, बॅगेचं वजन त्या आधीच मोजतात. बाबांनी डोळ्यातले थेंब वेळच्या वेळी घालावेत, आणि मिरजेच्या डॉक्टरांकडे कधी जाताय ते कळवा.

तुमचा,
सुहास