मालक नसलेला संघ

संपादक महोदय,

क्रीडापानावर संघांच्या खरेदी-विक्रीचे आकडे वाचले की मला आमच्या गावचा संघ आठवतो. त्याला मालकच नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, रिजायना शहरात आम्ही राहतो. इथला सस्कॅचवान रफरायडर्स हा कॅनेडियन फुटबॉलचा संघ, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या, बारा-बारा जणांच्या खेळाचा. शहराची वस्ती जेमतेम सव्वादोन लाख आणि मैदानात जागा तेहतीस हजारांच्या घरात. शहरातला दर सातवा माणूस मावेल, असा हिशेब होतो! अर्थात सगळे शहरातलेच नसतात. सास्काटूनहून अडीच तास गाडी हाकत लोक येतात, गव्हाच्या शेतांतून येतात. हिरवा सदरा सगळ्यांचा, आणि कित्येकांच्या डोक्यावर पोखरलेल्या कलिंगडाचा टोप.

संघ स्थापन झाला १९१० साली. १९२८ ते १९३२ अशी पाच वर्षे ओळीने तो ग्रे कपच्या, म्हणजे कॅनेडियन फुटबॉलच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम सामन्यात पोहोचला आणि पाचही वेळा हरला. डिसेंबर १९५६मध्ये व्हँकुव्हरहून परतणारे विमान डोंगरावर आदळले, त्यात संघाचे चार खेळाडू गेले. पहिला ग्रे कप मिळाला तो १९६६ साली, रॉन लँकेस्टर आणि जॉर्ज रीड या खेळाडूंच्या काळात. स्थापनेनंतर छप्पन्न वर्षांनी!

पुढे १९७७ ते १९८७ अकरा हंगाम संघ बाद फेरीपर्यंतही गेला नाही. तिजोरी रिकामी झाली, तेव्हा टीव्हीवरून मदतीचे आवाहन झाले आणि लोकांनी आपल्या खिशातून संघ जगवला. दोनच वर्षांनी, १९८९मध्ये, डेव्ह रिजवेच्या शेवटच्या क्षणांतल्या किकने ४३-४० असा कप आला. त्या किकबद्दल आमचे शेजारी आजोबा अजूनही उभे राहून सांगतात.

पण त्यांना २००९ विचारू नये. वेळ संपली, मॉन्ट्रियलची किक हुकली, कप आपला झाला म्हणून सगळे नाचू लागले आणि पंचांनी दाखवून दिले की मैदानात आपला तेरावा खेळाडू होता. मॉन्ट्रियलला दहा यार्ड जवळून पुन्हा संधी मिळाली. २८-२७ अशी हार. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा तोच मॉन्ट्रियल आणि पुन्हा हार. म्हणून काही कोणी हिरवा सदरा कपाटात ठेवला नाही. २०१३चा कप घरच्या मैदानावर, २०२५चा विनिपेगमध्ये. समोर होता मॉन्ट्रियलच. त्या रात्री आजोबांचे डोळे पाहून मलाही रडू आले.

शंभर वर्षांहून अधिक काळात पाचच कप. आपल्या क्रीडापानावर, लोकांनी वर्गणीने तगवलेल्या अशा संघांसाठीही अधूनमधून चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

– आपली एक नियमित वाचक, रिजायना, कॅनडा