तारा कानाने लावू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

व्हायोलिन किंवा मेंडोलिन शिकणारी मुले हल्ली तारा लावताना मोबाइलवरच्या ट्यूनरकडे, म्हणजे सूर मोजणाऱ्या ॲपकडे, बघतात आणि हिरवी खूण दिसली की वाद्य सुरात आले असे धरून चालतात. अनेक वर्षे व्हायोलिन शिकवत असल्यामुळे या सवयीची मला काळजी वाटते.

दोन्ही वाद्यांच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा लागतात आणि शेजारच्या दोन तारांत षड्ज-पंचमाचे, म्हणजे दोनास तीन या प्रमाणाचे, नाते असते. ए ४४० हर्ट्झवर असेल तर शुद्ध पंचमाने ई ६६० वर यायला हवी. ट्यूनर मात्र सप्तकाचे बारा समान भाग पाडत असल्यामुळे ती ६५९.२५ वरच बरोबर ठरवतो. पाऊण हर्ट्झचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसला, तरी दोन्ही तारांवर एकदम गज फिरवला की दोन सेकंदांत आवाजाचे साधारण तीन हेलकावे, म्हणजे चढउतार, ऐकू येतात.

गेल्या आठवड्यात दहा वर्षांच्या एका विद्यार्थिनीला मी ट्यूनरवर लावलेल्या याच दोन तारा एकत्र वाजवायला लावल्या. ई तारेचा बारीक स्क्रू ती केसभर फिरवत गेली, तसतसा हेलकावा लांबत गेला आणि एका क्षणी आवाज भरीव होऊन स्थिरावला. "थांबलं!" असे ती स्वतःच म्हणाली. व्हायोलिनला पडदे, म्हणजे स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या, नसतात. बोट नेमके कुठे पडायला हवे हे पुढे याच कानाने ठरवायचे असते. डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी हा स्वर अचूक लागला की खालची मोकळी जी तार आपोआप झंकारते, पण ती मुळात सुरात असेल तरच.

मेंडोलिनला पडदे असल्यामुळे तेथे समान विभागणी सोयीची, हे मला मान्य आहे. तरीही तिच्या तारा जोडीने असतात आणि एका जोडीतील दोन तारा एकजीव झाल्या की नाही, याचा निवाडा कानानेच करावा लागतो.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की ट्यूनरवरून फक्त ए घ्यावा, उरलेल्या तारा मुलांना लावू द्याव्यात आणि त्यात तासाची दहा मिनिटे गेली तरी घाई करू नये. तार चढी झाल्यास ती आधी स्वराच्या थोडी खाली उतरवून पुन्हा खालून वर स्वरात आणण्याची सवयही तेव्हाच लावावी. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीही परीक्षार्थीला आपले वाद्य परीक्षकांसमोर स्वतः लावायला सांगावे आणि त्याला गुण ठेवावेत.

आपली,
एक व्हायोलिन शिक्षिका