अ‍ॅन क्लिफर्डची जहागीर आणि तिच्या आईचे कागद

सातारा

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

उत्तर इंग्लंडातल्या स्किप्टनच्या किल्ल्याचे फोटो मिळाले. आतल्या चौकातलं यूचं झाड तू दोन-तीन बाजूंनी टिपलंस ते बरं केलंस. लेडी अ‍ॅन क्लिफर्डनं ते १६५९ मध्ये लावलं असं सांगतात. तुझ्या मैत्रिणीनं तिची ओळख 'या किल्ल्याची वारस' एवढ्यावरच आटोपली म्हणे. माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे या बाईला इतक्या थोडक्यात सोडून देणं मला जमायचं नाही. शिवाय तिची हकिगत तुला आत्ताच कळावी असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

अ‍ॅन याच किल्ल्यात ३० जानेवारी १५९० रोजी जन्मली. वडील जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलंडचे तिसरे अर्ल. राणी एलिझाबेथच्या मर्जीतले. स्पॅनिश जहाजं लुटायचा त्यांना नाद, आणि त्या नादापायी जहागीर कर्जात बुडालेली. ईस्ट इंडिया कंपनीला ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळाली, तिच्यात पहिलं नाव याच जॉर्जचं आहे. त्यांनी स्वतःसाठी बांधून घेतलेलं एक मोठं जहाज कंपनीनं विकत घेतलं आणि त्याचं नाव रेड ड्रॅगन ठेवलं. १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी लढलं ते हेच जहाज. त्या लढाईनंतर इंग्रजांचं सुरतेत बस्तान बसलं. महाराजांच्या चरित्रात सुरतेची इंग्रज वखार येते, तिची सुरुवात अशी तू उभी होतीस त्या किल्ल्याच्या धन्याच्या जहाजापर्यंत जाते. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा सरसावून बसायची.

अ‍ॅनचे दोन्ही भाऊ लहानपणीच गेले. एकटी मुलगी राहिली. तिला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही असा वडिलांचा हुकूम होता, पण शिकवायला सॅम्युएल डॅनियलसारखा कवी होता आणि पुस्तकांना तोटा नव्हता. १६०५ च्या ऑक्टोबरात वडील वारले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मृत्युपत्र उघडलं, तर किल्ले, गावं, सगळी जहागीर वडिलांचे धाकटे भाऊ फ्रान्सिस, म्हणजे अ‍ॅनचे काका, यांच्या नावे. मुलीला १५,००० पौंड. फ्रान्सिसचा पुरुषवंश संपला तरच मालमत्ता तिच्याकडे यावी अशी एक पुरवणी होती, पण फ्रान्सिसना मुलगा होता, तेव्हा त्या पुरवणीवर कोण विसंबणार?

इथून पुढे माझ्या मते या हकिगतीतलं सर्वांत मोठं माणूस येतं, ते म्हणजे अ‍ॅनची आई, मार्गारेट रसेल. नवऱ्याशी तिचं फार दिवस पटत नव्हतं. विधवा झाल्यावर तिनं रडारड केली असेल-नसेल, पण जुने कागद मात्र शोधायला घेतले. सरकारी दप्तरांतून नकला काढवल्या, जुन्या लेखांतले जाणकार कामाला लावले. आणि मुद्दा सापडला. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या काळापासून ही जमीन क्लिफर्डांच्या औरस वारसाला जायची होती, मुलगा असो वा मुलगी. म्हणजे जॉर्जना ती भावाला लिहून द्यायचा अधिकारच नव्हता.

त्याच कागदांत घराण्याचा सगळा इतिहास निघाला. वेस्टमोरलंड या उत्तरेकडच्या परगण्यातले ब्रूम, अ‍ॅपलबी, ब्रफ, पेंड्रॅगन हे किल्ले क्लिफर्डांनी कमावलेले नव्हतेच. ते व्हिपाँ घराण्याचे, किंग जॉननं १२०३ मध्ये दिलेले. १२६४ मध्ये त्या घराण्यातला शेवटचा पुरुष गेला आणि मागे राहिल्या दोन मुली, इझाबेला आणि इडोनिया. इझाबेलाचं लग्न रॉजर क्लिफर्डशी झालं आणि तिच्याबरोबर हे किल्ले क्लिफर्डांच्या घरात आले. शेरीफपदाचं वतनही तिच्याचकडून आलं; ती स्वतः शेरीफ म्हणून बसायची अशी नोंद अ‍ॅननं पुढे मुद्दाम करून ठेवली आहे. इडोनिया म्हातारी होऊन गेली आणि तिचाही वाटा याच घरात परतला. इझाबेलाचा मुलगा रॉबर्ट, त्याला स्किप्टन मिळालं, तो १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या रणात पडला. पुढे इंग्लंडच्या गादीसाठी दोन राजघराण्यांत झालेल्या गुलाबांच्या युद्धात जॉन क्लिफर्ड १४६१ मध्ये मारला गेला, तेव्हा त्याच्या पोराला आईनं मेंढपाळांत लपवून वाढवलं आणि १४८५ नंतर त्याला जहागीर परत मिळाली, अशी परंपरा आहे. बघ, पुरुष लढाईत पडत गेले आणि घर बायकांनी धरून ठेवलं. मग तेच घर मुलीला नाही, हे कोणत्या न्यायानं?

१६०९ मध्ये अ‍ॅनचं लग्न डॉर्सेटच्या अर्लशी, रिचर्ड सॅकव्हिलशी झालं. माणूस देखणा, खर्चिक, जुगारी. त्याला जमिनीत रस नव्हता, रोख रकमेत होता. काकांकडून पैसे घे आणि दावा सोड, हा त्याचा धोशा. १६१६ च्या फेब्रुवारीत कँटरबरीचे आर्चबिशप आणि बडे बडे लोक तिला समजवायला जमले. कधी धाक घालत होते, कधी गोड बोलत होते, असं तिनं रोजनिशीत लिहिलंय. वय सव्वीस, सगळी सभा विरुद्ध. तिनं एवढंच सांगितलं की आईशी बोलल्याशिवाय मी काही करणार नाही.

मग लंडनहून निघून ती भर हिवाळ्यात उत्तरेला ब्रूमला आईकडे गेली. दोघी बसल्या, ठरवलं, आणि स्पष्ट नकार कळवून टाकला. २ एप्रिल १६१६ ला ती परत निघाली तेव्हा आई थोड्या अंतरापर्यंत पोचवायला आली आणि रस्त्यातच दोघींनी निरोप घेतला. ती शेवटची भेट. मे महिन्यात नवऱ्यानं दोन वर्षंही पुरी न झालेली मुलगी तिच्यापासून काढून घेतली, कारण सही होत नव्हती. आणि त्याच महिन्यात २४ तारखेला आई गेली. हा एक महिना तिनं कसा काढला असेल, याचा विचार मी शिकवताना नेहमी टाळत आले, कारण आवाज हलायचा.

जानेवारी १६१७ मध्ये प्रत्यक्ष राजा जेम्ससमोर तिला उभं केलं. निवाडा माझ्यावर सोपव, राजा म्हणाला. राणीनं तिला आधीच सावध करून ठेवलं होतं. वेस्टमोरलंड मी जिवंत असेपर्यंत कोणत्याही अटीवर सोडणार नाही, असं तिनं भर दरबारात सांगितलं. राजा भडकला. मार्चमध्ये त्यानं तिच्याविरुद्धच निवाडा दिला: जहागीर काकांना, रक्कम नवऱ्याला. अ‍ॅननं त्यावर संमतीची सही केली नाही ती नाहीच.

मधली वर्षं भराभर सांगते. डॉर्सेट १६२४ मध्ये वारला. तीन मुलगे तान्हेपणी गेले, दोन मुली जगल्या. देवी येऊन तिचा चेहरा व्रणांनी भरला. १६३० मध्ये पेम्ब्रोकच्या अर्लशी दुसरं लग्न झालं, तेही सुखाचं नव्हतं. १६४१ मध्ये काका गेले, डिसेंबर १६४३ मध्ये चुलतभाऊ गेला, त्याच्यामागे मुलगा नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, अडतीस वर्षांनी, जहागीर तिच्याकडे आली. तेव्हा राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटलेलं, स्किप्टनला वेढा पडलेला. उत्तरेला जायला १६४९ उजाडलं, आणि बघते तो स्किप्टन संसदेच्या हुकमानं पाडून ठेवलेला.

तिनं ते पुन्हा बांधलं. स्किप्टन, अ‍ॅपलबी, ब्रूम, ब्रफ, बार्डन टॉवर. पेंड्रॅगन तर १५४१ पासून छपराविना पडला होता. १६६० मध्ये तो उभा केला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्यात जाऊन राहिलीसुद्धा. प्रत्येक ठिकाणी शिलालेख बसवला. अ‍ॅपलबीत बारा गरीब विधवा आणि त्यांची एक मुख्य 'मदर' यांच्यासाठी घरं बांधली. आईनं जमवलेल्या कागदांत भर घालून घराण्याचे तीन मोठे ग्रंथ तयार करवले. आईचा निरोप घेतला त्या जागी १६५६ मध्ये दगडी खांब उभारला आणि दर २ एप्रिलला तिथल्या दगडी चौथऱ्यावर गरिबांना ४ पौंड वाटावेत अशी कायमची तरतूद केली. ते वाटप अजून होतं.

ती प्रेमळ मालकीण होती असं मात्र समजू नकोस. खंडावरून तिनं आपल्या कुळांना कोर्टात खेचलं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्यांच्या सवलतींवर हात घातला. स्वतः इतकं सोसलेल्या बाईनं हे करावं, हे मला कधी पटलं नाही.

१६७६ च्या मार्चमध्ये ती ब्रूमला वारली, शहाऐंशी वर्षांची. आईनं प्राण सोडला त्याच खोलीत. जहागीर थोरल्या मुलीकडे, मार्गारेटकडे गेली. हीच ती नवऱ्यानं काढून नेलेली मुलगी.

आता आपलं. परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, काकांनी हक्कसोडपत्र पाठवलंय, करून टाकते सही, मला काय करायचंय तिकडच्या रानाचं?" तेव्हा मी गप्प बसले, कारण काका माझ्यासमोरच बसले होते. त्यांच्यावर माझा राग नाही. बाबा गेल्यापासून विहीर, वीजबिल, सोसायटीचं कर्ज सगळं त्यांनी बघितलं. अ‍ॅनच्या काकांनीही भावाचं कर्ज डोक्यावर घेतलं होतं, हेही खरंच आहे. पण त्यांच्या कष्टांचा हिशेब वेगळा आणि तुझा हक्क वेगळा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये दिला, आणि तो जन्मानंच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. अ‍ॅनला ज्यासाठी राजापुढे उभं राहावं लागलं ते तुझ्याकडे कायद्यानं आलेलं आहे. हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की सहजी मागे घेता येत नाही. माझी सहीही त्यांना हवी आहे, मी दिलेली नाही.

तू जमीन ठेवावीस असा माझा हट्ट नाही. सगळं वाचून, समजून काकांना द्यायचं ठरवलंस तर मीच तुझ्याबरोबर निबंधकाकडे येईन. पण न वाचता नको, आणि 'बहिणी-पुतण्या सोडतातच' म्हणून तर मुळीच नको.

सातबारा, आठ-अ, आजोबांच्या वेळचे फेरफार आणि वाटपाचा जुना कागद, सगळं स्कॅन करून तुला मेल केलंय. आधी फेरफार वाच, कोणाचं नाव कधी लागलं आणि कोणाचं कधी गळलं ते त्यातच कळतं. तुझ्या दोन्ही आत्यांची नावं कुठे थांबतात ते बघून ठेव, मला त्यावरही बोलायचं आहे. मुखत्यारपत्र कोणाच्याही नावे करू नकोस. काकांना मी सांगितलंय की ऋतुजा दिवाळीत येईल तेव्हा समोरासमोर बसू.

आणि सुट्टी मिळाली तर लीड्सहून कार्लाइलची गाडी धर. तीच गाडी स्किप्टनवरून पुढे अ‍ॅपलबीला जाते. सेंट लॉरेन्स चर्चमध्ये मायलेकी दोघींच्या समाध्या आहेत. मुलीच्या समाधीवर पुतळा नाही, घराण्याच्या ढालींची वंशावळ आहे. तिचे फोटो नीट जवळून काढ, अक्षरं वाचता यायला हवीत.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई