२२ भागिले ७

मनू,

काल फोनवर म्हणालीस ना, २२ ला ७ ने भागलं की ३.१४२८५७१४२८५७ असं तेच तेच येतं, कॅल्क्युलेटर बिघडलाय का, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून नीट बोलता आलं नाही, पण रात्री वही घेऊन बसलो आणि आता तुला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बिघडलेला नाहीये गं. आधी १४२८५७ ला २ ने गुण, २८५७१४ येतं. ३ ने ४२८५७१. अशी ६ पर्यंत जा, तेच सहा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. आणि ७ ने गुणलंस की एकदम ९९९९९९!

का होतं ते हाताने भागाकार केला तरच दिसतं. १ ला ७ ने भाग. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चारदा, बाकी २. मग ६, ४, ५ आणि परत १. आता ७ ने भागल्यावर शून्य सोडलं तर बाकी सहाच प्रकारची येऊ शकते, आणि इथे सहाच्या सहा एकेकदा येऊन जातात, मग १ आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. २/७ म्हणजे त्याच चक्रात बाकी २ पासून चढायचं, बस. हे कळलं तेव्हा मी एकटाच हसत होतो, आई झोपेतून उठून बघायला आली.

आणि ही संख्या आपल्या जवळची पण आहे. हिचा वर्ग २०४०८१२२४४९, तो तोडून बेरीज कर, २०४०८ + १२२४४९, परत १४२८५७ च. अशीला कापरेकर संख्या म्हणतात, देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर सर, १९०५ ला डहाणूला जन्मले, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. आकड्यांची बेरीज २७, आणि २७ ने भाग जातो, ५२९१ वेळा, म्हणून ही हर्षद संख्याही आहे. ते नाव पण सरांनीच दिलेलं, हर्ष देणारी.

शिवाय ही संख्या विषम आहे, मूळ नाही. अवयव मी असे काढले: ९९९९९९ म्हणजे ९९९ गुणिले १००१, १००१ म्हणजे ७×११×१३, ९९९ म्हणजे २७×३७, त्यातला ७ काढून टाक, राहिलं २७×११×१३×३७. विभाजक ३२ आहेत, स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज ११२५०३, म्हणजे स्वतःपेक्षा कमी. २८ ची अशी बेरीज बरोबर २८ च येते, तशी हिची नाही जुळत.

मग १३ घेतला. १/१३ मध्ये बाकी बारा याव्यात असं वाटलेलं, पण १, १०, ९, १२, ३, ४ आणि लगेच परत १. उरलेल्या सहा कुठे गेल्या? २/१३ करून बघ, मी उत्तर सांगत नाही, रविवारी फोन कर.

बाबा