टीबीच्या औषधांसोबतची बी-६ सोडू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. टीबीचे पेशंट औषधं सरकारी दवाखान्यातून नेतात पण शंका विचारायला आमच्याकडे येतात, आणि नेहमीचा प्रश्न म्हणजे ती व्हिटॅमिन बी-६ ची बारकी गोळी ताकदीचीच आहे ना, मग नाही घेतली तर चालेल का, एवढ्या गोळ्या गिळवत नाहीत हो. नाही चालत! टीबीच्या मेन औषधांपैकी आयसोनियाझिड हे शरीरातल्या बी-६ ला चिकटतं आणि ते बी-६ लघवीवाटे निघून जातं, मग हातापायाला मुंग्या येतात, तळपायाची आग होते, पेशंटला वाटतं औषधच बाधलं आणि तो अख्खा कोर्सच सोडून बसतो. शुगरवाले, दारू पिणारे, गरोदर बायका आणि आधीच खंगलेले पेशंट यांना तर हा त्रास जास्त.

आणि आयसोनियाझिड सापडलंही एका व्हिटॅमिनच्या मागे जाऊनच. १९४५ मध्ये फ्रान्सच्या शोरीन यांना दिसलं की निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ चाच एक प्रकार, टीबीच्या जंतूंना रोखतं. मग संशोधकांनी त्याच्यासारखी रसायनं तपासायला घेतली आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिडचा गुण जगापुढे आला. जंतूंवरच्या सल्फा औषधांचं कामही व्हिटॅमिनवरच चालतं, आपल्याला व्हिटॅमिन बी-९ म्हणजेच फोलिक अ‍ॅसिड पालेभाजी-डाळीतून आयतं मिळतं, बऱ्याच जंतूंना ते स्वतः बनवावं लागतं, सल्फा नेमकं ते बनवणंच बंद पाडतं म्हणून जंतूंची वाढ थांबते आणि आपलं फोलिक अ‍ॅसिड शाबूत राहतं. टीबीचा जंतू बायोटिन हे आणखी एक व्हिटॅमिनसुद्धा स्वतःच बनवतो, तो रस्ता अडवणारं औषध शोधायचं काम अजून चालूच आहे. एवढं सगळं व्हिटॅमिनभोवती फिरतंय आणि आपल्याकडे व्हिटॅमिन म्हटलं की फक्त टॉनिक, याचं खरंच वाईट वाटतं.

उलटी चूकही करू नका, म्हणजे मनानेच जास्त पॉवरची बी-६ घेणं, कारण ते फार झालं तरी नसांनाच इजा होते. डॉक्टरांनी दिलाय तेवढाच डोस.

आरोग्य खात्याला एकच विनंती, पेशंटच्या कार्डावर बी-६ कशासाठी आहे ते साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात छापा, आणि मुंग्या सुरू झाल्या तर गोळ्या बंद न करता लगेच दवाखान्यात या, हेही त्याच्याच खाली लिहा.

– एक मेडिकलवाला, जि. सांगली