दादा, तुमचे जाहीर आभार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. अटलांटातल्या कृष्णवर्णीय समलिंगी-उभयलैंगिक पुरुषांमध्ये तुम्ही एचआयव्ही रोखण्याचं जे काम करता, त्याबद्दल हे आभार. तुम्हाला हे सगळं इंग्रजीत समोर बसून सांगणारच आहे. तरी मराठीत लिहितोय, कारण आपल्या मुंबई-पुण्यात एचआयव्हीचं काम करणाऱ्यांनाही तुमची पद्धत कळायला हवी.

आपल्या तपासणीच्या पोस्टरच्या मसुद्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा २०१६चा अंदाज होता: लागणीचं प्रमाण असंच राहिलं, तर अमेरिकेतल्या दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी-उभयलैंगिक पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी एचआयव्हीचं निदान होईल. तुम्ही लाल पेनाने त्यावर सरळ काट मारलीत. "हे वाचून विशीतला पोरगा तपासणीला येईल की घरीच हातपाय गाळून बसेल?" खाली 'बेजबाबदार वागणं' असं होतं, तेही गेलं. मग एचआयव्हीचे संशोधक ग्रेग मिलेट यांचे शोधनिबंध माझ्यापुढे ठेवलेत. कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांपेक्षा जास्त जोखीम घेत नाहीत, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००७ सालीच मांडलं होतं. घोडं अडतं ते विमा नसण्यापाशी, उपचार उशिरा मिळण्यापाशी.

'मेनी मेन, मेनी व्हॉइसेस' या कृष्णवर्णीय समलिंगी-उभयलैंगिक पुरुषांसाठीच्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या गटकार्यक्रमाची सात सत्रं तुम्ही घेता, त्यातलं पहिलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यात काँडोमचं नावही निघालं नाही. "रविवारी तुम्ही चर्चच्या कॉयरमध्ये गायला उभे असता, तेव्हा पास्टर तुमच्यासारख्यांबद्दल काय बोलतात?" एवढंच विचारलंत आणि खोली बोलती झाली. घरच्यांपासून लपवायचं, समलिंगींच्या बारमध्ये रंगावरून ऐकून घ्यायचं, सगळं बाहेर आलं. टस्कीगीच्या प्रयोगाचा विषयही निघाला. १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना उपचाराविना ठेवलं, मग आमचं रक्त तुम्हाला कशाला हवंय, असं एकाने तोंडावर विचारलं. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. रक्त कुठे जातं, निकाल कोण पाहतं, सगळं सांगितलंत.

बैठक कॉयरच्या तालमीनंतर, दारावर एचआयव्हीची पाटी नाही, आधी जेवण. माझ्या मते पोस्टरपेक्षा याच गोष्टींनी माणसं आली. (तुमच्या मॅक अँड चीजचाही वाटा आहे, ते सोडा.)

प्रेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायची गोळी देण्याआधी तुम्ही "राहायला कुठे आहेस, नोकरी आहे का?" हे विचारता. एचपीटीएन ०७३ या अभ्यासात तीन शहरांतल्या २२६ कृष्णवर्णीय पुरुषांना गोळीसोबत अशी माणूस पाहून मदत दिली गेली, तेव्हा ७९ टक्क्यांनी गोळी घेण्याची तयारी दाखवली.

तुमच्या परवानगीने सत्रांची टिपणं पुण्यातल्या मित्रांना दिली आहेत. तिकडे चर्चऐवजी लग्नाचा तगादा आडवा येतो, म्हणून पहिलं सत्र ते नव्याने लिहितायत. त्यांच्या शंकांची यादी भली लांबलचक आहे. पुढच्या बैठकीला जरा लवकर येतो.

तुमचा,
अटलांटातला मराठी सहकारी